जुळारी थकलाय, छापखाना नाही

*पत्र:* नमस्कार. कराडला माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, छोटं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. सासऱ्यांचा ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचा छपाईचा प्रेस होता. तो बंद केल्यावर २०१४ साली लॅपटॉप घेतला: आय-थ्री, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, आता विंडोज १०. आजवर सगळं त्याच्यावरच निभावलं. पण हल्ली सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेतो. पानं मांडायचा पेजमेकर उघडेपर्यंत चहा करून होतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के दिसते. महिनाभर मधूनच टक्-टक् असा आवाजही येतो. दुकानदार म्हणतो, नवी १ टीबीची हार्डडिस्क टाका, स्वस्तात जागा दुप्पट. पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंग करतो, तो म्हणतो एनव्हीएमईच घे. ऑनलाइन तर २ टीबीची एसएसडी, म्हणजे ती चिपवाली डिस्क, हजाराच्या आत दिसते. यंदा नवा लॅपटॉप झेपणारा नाही. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. काय घेऊ? (एक डीटीपीवाली, कराड)

ताई,

काय घ्यायचं ते सांगतोच, पण आधी ती टक्-टक्. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, मला मात्र अख्ख्या पत्रात तीच ओळ टोचली.

हार्डडिस्कच्या पोटात तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी मागेपुढे सरकत वाचत जाते. हवी ती जागा सापडली नाही की दांडी मूळ ठिकाणी परत येते आणि पुन्हा शोधायला निघते. त्या हेलपाट्याचा आवाज म्हणजे टक्. महिनाभर तो येतोय, म्हणजे डिस्कनं तुम्हाला नोटीस दिली आहे. ती अजून वर्षभर रखडत चालेल किंवा उद्या सकाळी उठणारच नाही. मी दोन्ही पाहिलंय. म्हणून नवी डिस्क कुठली हा प्रश्न दुसरा. पहिलं काम आज संध्याकाळचं: कुणाकडून तरी एक्स्टर्नल डिस्क मागून आणा, नाहीतर मोठा पेनड्राइव्ह घ्या, आणि कॉपी करायला बसा.

सगळी डिस्क एकदम कॉपी करायला जाऊ नका. आजारी डिस्कवर ती शंभर जीबींची रांग अर्ध्यात अडकते आणि नेमकं हवं होतं ते मागे राहतं. आधी हातात असलेल्या ऑर्डरींचं मॅटर घ्या. मग गेल्या दोन-तीन वर्षांचे अहवाल आणि प्रश्नपत्रिका, कारण ते गिऱ्हाईक दर वर्षी ‘मागच्यासारखंच करा’ म्हणत येतं. पेजमेकरच्या फाइलींबरोबर त्यात जोडलेली चित्रं आणि लोगोही घ्या. पेजमेकर बऱ्याचदा चित्राचा फक्त पत्ता जवळ ठेवतो, चित्र नाही. एखाद्या फोल्डरवर गाडी अडली तर तिथे झुंजत बसू नका, पुढच्यावर जा. अडलेलं शेवटी बघू. आणि या काळात कुणी ‘डीफ्रॅग करा’ किंवा ‘चेकडिस्क चालवा, डिस्क दुरुस्त होते’ असं सुचवलं तर नको म्हणा. दोन्ही गोष्टी थकलेल्या दांडीला तबकडीभर पळवतात. ज्याला धाप लागलीय त्याला जिना चढायला लावण्यातला प्रकार.

मग फॉन्ट. हे मी वेगळं लिहितो, कारण संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलांच्या हे ध्यानीमनी नसतं. तुमचं जुनं मॅटर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या ठरलेल्या क्रमांकांत, नाही. श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांत ‘शुभविवाह’ हा शब्द फाइलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या रूपात ठेवलेला असतो, फॉन्ट त्याला देवनागरीचा चेहरा देतो. तो फॉन्ट हरवला की फाइल शाबूत असूनही पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. म्हणून विंडोजच्या फोल्डरातला फॉन्टांचा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. सॉफ्टवेअरची मूळ सीडी कपाटात आहे का तेही बघा. परवाना यूएसबीच्या कुलपावर, म्हणजे डोंगलवर असेल तर निश्चिंत राहा, डोंगलला डिस्क बदलल्याचं काही देणंघेणं नसतं. पण नोंदणी संगणकाला बांधलेल्या कोडवर असेल तर काही कार्यक्रम डिस्क बदलली की रुसतात. जुनी डिस्क चालू आहे तोवरच कंपनीला फोन करून परवाना कसा हलवायचा ते विचारून घ्या. श्री-लिपीवाली मॉड्युलर इन्फोटेक आणि आयएसएमवालं सी-डॅक, दोन्ही पुण्यातलीच, तेव्हा मराठीत बोलता येईल.

आता लॅपटॉप एवढा का रखडतो ते. तुमच्या घरी ट्रेडल होता म्हणून सांगायला सोपं जाईल. ट्रेडल कितीही झपाट्यानं चालो, पान तयार होणार ते जुळाऱ्याच्या, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या, हाताच्या वेगानं. एकेक खिळा शोधायचा, खणातून उचलायचा, ओळीत लावायचा. तुमच्या लॅपटॉपचा ट्रेडल, म्हणजे प्रोसेसर, आजही पत्रिका-अहवालाच्या कामाला पुरून उरतो. थकलाय तो जुळारी.

हिशोब बघा. लॅपटॉपमधली हार्डडिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा दांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी दांडी योग्य वर्तुळावर न्यायला आणखी बाराएक. एक तुकडा उचलायला १७-१८ मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ५५-६० तुकडे. विंडोज सुरू होताना समजा असे विखुरलेले वीस हजार तुकडे मागितले, तर नुसत्या शोधाशोधीत सहा मिनिटं जातात. तुमची सात-आठ मिनिटं तिथली आहेत. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिला तोच तुकडा द्यायला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे वीस हजार तुकडे दोन सेकंदांत. प्रत्यक्षात लॅपटॉप दोन सेकंदांत उघडणार नाही, बाकीची कामं असतातच. पण आठ मिनिटांच्या जागी अर्ध्या-पाऊण मिनिटाची अपेक्षा तुम्ही निश्चित धरा.

म्हणून दुकानदाराची १ टीबी हार्डडिस्क नको. जागा दुप्पट होईल, पण जुळारी पुन्हा तोच, फक्त वयानं लहान. त्यात आणखी एक मेख आहे. लॅपटॉपच्या आकाराच्या हल्लीच्या १ टीबी हार्डडिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या बहुधा मंगळुरी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. कमी जागेत जास्त माल बसतो खरा, पण खालचं कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात. थोडंसं बदलून पुन्हा साठवायचं, पुन्हा बदलायचं, या तुमच्या कामाच्या पद्धतीला ती डिस्क मुळीच सोयीची नाही. फोटो ठेवून द्यायला बरी.

पुतण्याचं चुकत नाही, त्याच्या लॅपटॉपपुरतं तो बरोबरच बोलतोय. एनव्हीएमई म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक वेळा ८० मिलिमीटर लांब एसएसडी. ती एम-टू नावाच्या खाचेत बसते आणि एकसलग फाइल सेकंदाला तीन-साडेतीन हजार एमबी वाचते. तुमच्या लॅपटॉपच्या पोटात मात्र अडीच इंची डिस्कची खोबण आहे, साटा जोडणीची. चौथ्या पिढीत ही जोडणी सहा गिगाबिटची, म्हणजे व्यवहारात सेकंदाला साधारण ५५० एमबी. त्यापलीकडचं काही घेतलं तरी त्या दारातून आत येणार नाही. एम-टू पट्टी अडीच इंची डबीत घालून साटाला जोडायचे अडॅप्टर मिळतात, ते साटा जातीच्या पट्टीला चालतात. एनव्हीएमईला नाही, तिची भाषाच वेगळी आहे.

या बाबतीत हसायचा अधिकार मला नाही. २०१७ साली बहिणीच्या लॅपटॉपसाठी मी स्वतः एम-टू पट्टी आणली. खाच होती, पट्टी बसली, स्क्रूही लागला, मी ऐटीत झाकण लावलं. लॅपटॉप म्हणे, कुठली डिस्क? खाच साटा जातीची, पट्टी एनव्हीएमई. पाकीट फोडलेलं, दुकानदार परत घेईना. ती पट्टी पुढे दोन वर्षं माझ्या खणात पडून होती. त्या दिवसापासून मी आधी मॉडेल नंबरवरून लॅपटॉपचं सर्व्हिस मॅन्युअल शोधतो आणि मग दुकानाची पायरी चढतो. ज्या वाचकांचा लॅपटॉप २०१७-१८ किंवा त्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी हेच सांगणं: खाच आहे एवढं बघून थांबू नका, ती कुठल्या जातीची आहे ते वाचा.

शिवाय, ताई, तुमच्या कामात साटा आणि एनव्हीएमईमधला फरक जाणवणारही नाही. साडेतीन हजारांचा आकडा एकसलग मोठ्या फाइलींचा आहे, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांच्या कामाचा. पेजमेकर उघडणं म्हणजे बारीक तुकडे गोळा करणं, आणि तिथे खरी उडी हार्डडिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येताना पडते. पुढची पायरी फार लहान आहे. अकरा-बारा वर्षांच्या लॅपटॉपला त्यासाठी पैसे घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

हजाराच्या आतली २ टीबी? तिच्याकडे बघूही नका. अशा डिस्कमध्ये बऱ्याचदा एखादी लहानशी मेमरी असते आणि संगणकाला ‘मी २ टीबी’ असं खोटं सांगणारा प्रोग्रॅम. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग नवीन माल जुन्याच्या डोक्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरतो. फाइलींची नावं दिसतात, उघडत काहीच नाही. तुमच्यासारखीला हे कळायला सहा महिने लागतील, आणि तोवर परत करायची मुदत उलटलेली असेल. कुणी आधीच घेऊन फसलं असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो डिस्क काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून खरी जागा किती ते सांगतो.

तर घ्यायचं काय? अडीच इंची साटा एसएसडी, ओळखीच्या कंपनीची, ४८० किंवा ५०० जीबी. एवढंच.

२४० का नाही? विंडोज तिला २२३ जीबी दाखवतं. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या, म्हणून तेवढी तूट दिसते, कुणी चोरलेलं नसतं. विंडोज, सॉफ्टवेअर आणि अकरा-बारा वर्षांचं मॅटर त्यात कसंबसं बसेल, आणि एसएसडी काठोकाठ भरलेली चांगली नसते. स्वस्त एसएसडी आलेला माल आधी एका जलद कप्प्यात घेते आणि सवडीनं आत लावते. डिस्क भरत आली की तो कप्पा आक्रसतो आणि लिहिणं मंदावतं. पाचवा हिस्सा मोकळा राहील अशा बेतानं घ्या. एकाच दुकानात २४०, ४८० आणि १ टीबी अशा तिन्हींचे भाव विचारा आणि जीबीमागे किती पडतात ते काढा. २४० बहुतेक वेळा जीबीमागे महाग निघते. १ टीबी तुम्हाला नको, ते पैसे दुसरीकडे लागणार आहेत. पुढे सांगतो.

४८० आणि ५०० यांत ५०० मिळाली तर ती. तुमची जुनी डिस्क ५००ची आहे आणि नवी ५००ची एसएसडी जवळपास नेमकी तेवढीच असते. जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवायची, म्हणजे क्लोन करायची ठरली तर अडचण येत नाही. ४८०वर उतरवायचं तर आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा आखलेला कप्पा, आवळावं लागतं. क्लोनझिला हा फुकट मिळणारा कार्यक्रम लहान डिस्कवर उतरवायला सहसा नकार देतो. मोठं काही नाही, पण दुकानातल्या मुलाची एक डोकेदुखी कमी.

नावं सांगतो. क्रुशल बीएक्स ५००, किंग्स्टन ए ४००, डब्ल्यूडी ग्रीन. यांतली जी त्या दिवशी पक्क्या बिलासकट स्वस्त मिळेल ती. तिघी साध्या आहेत. महागड्या डिस्कमध्ये पत्त्यांची वही ठेवायला वेगळी रॅम असते, ती यांच्यात नाही, आणि एकाच नावाच्या डब्यात आतली चिप महिन्यागणिक बदलू शकते. तरी तुमच्या कामाला पुरेशा. सॅमसंगची ८७० ईव्हीओ निःसंशय सरस, तिला रॅम आहे, हमी पाच वर्षांची. तिघींची तीन वर्षांची. पण तुमचा लॅपटॉप अजून पाच वर्षं चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि मगच तेवढे पैसे मोजा. क्रुशलबद्दल एक गोष्ट कानावर घालतो: तिची मालक मायक्रॉन कंपनी, तिनं डिसेंबर २०२५ मध्ये हा किरकोळ विक्रीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची हमी पाळू असंही म्हटलं. दुकानात शिल्लक माल दिसला तर मी घाबरणार नाही, पण बिल जपून ठेवीन.

भाव मी मुद्दाम छापत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून भाव चढले आणि आठवड्याला हलू लागले. मी आज लिहिलेला आकडा हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत खोटा ठरेल आणि तुम्ही दुकानदाराशी उगाच भांडाल. ऑनलाइन बघा, कराडात विचारा, पुण्याला कुणी जात असेल तर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एक फेरी मारायला सांगा. फरक शंभर-दोनशेचा असेल तर गावातल्याकडून घ्या. हमीच्या वेळी त्याचं तोंड समोर असतं.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खरं आहे. प्रत्येक डिस्कवर कंपनी एक मर्यादा सांगते, बीएक्स ५००च्या ४८० जीबीला ती १२० टीबी आहे. तुम्ही रोज २० जीबी लिहिता असं धरू, जे तुमच्या कामाला फारच झालं. १२० टीबी म्हणजे १ लाख २० हजार जीबी. भागिले २०, सहा हजार दिवस, सोळा वर्षं. तोवर बिजागऱ्या तुटतील, कीबोर्ड जाईल.

सेकंड हँड एसएसडी स्वस्त मिळते, पण मी घेणार नाही. जुन्या लॅपटॉपातून काढलेल्या डिस्कचं बिल नसतं आणि तिची हमी कुणाकडे मागायची ते कळत नाही. रॅमचं मात्र वेगळं आहे. एसएसडी बसवल्यावर महिनाभर काम करा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. पेजमेकर आणि चित्रांचं कोरल एकत्र उघडल्यावर तो नव्वदच्या घरात जात असेल तर आणखी ४ जीबी टाका. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीला डीडीआर-थ्री-एल लागते, १.३५ व्होल्टची, पट्टीवर पीसी-थ्री-एल असं छापलेलं असतं. ती जुनी घेतली तरी चालते, रॅम सहसा झिजत नाही. आधी एसएसडी, मग रॅम, हा क्रम उलटा करू नका.

क्लोन की कोरं विंडोज? हे जुन्या डिस्कची तब्येत ठरवील. क्रिस्टलडिस्कइन्फो हा लहानसा फुकट कार्यक्रम चालवा. तीन ओळी बघायच्या: ०५, सी-५ आणि सी-६. नादुरुस्त होऊन बदललेल्या जागा, संशयित जागा, वाचताच न आलेल्या जागा. तिघींच्या शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर क्लोन करा. सगळं सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि बहुतेक परवाने जसेच्या तसे येतात आणि डीटीपीवाल्यांना तेच सोयीचं. (तिथले आकडे सोळाच्या पटीत लिहिलेले असतात, १० दिसलं तर ते सोळा समजा.) शून्य नसेल, आणि तुमच्या टक्-टकीवरून मला तसंच वाटतंय, तर क्लोनच्या नादी न लागता कोरं विंडोज टाकून वाचवलेलं मॅटर आणि फॉन्ट परत आणा. दिवस-दीड दिवस जाईल. विंडोज १०चा परवाना बहुतेक वेळा मदरबोर्डच्या नावावर नोंदलेला असतो, नव्या डिस्कवर तो इंटरनेट जोडल्यावर आपोआप ओळखला जातो. ‘लायसन्सचे वेगळे द्या’ असं कुणी म्हटलं तर थांबा.

विंडोज १०चंच बोलायचं तर त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. नाव नोंदवणाऱ्यांना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देऊ केली होती. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीपासून पुढे, तुमचा लॅपटॉप त्यात बसत नाही. कुठलीही डिस्क हे बदलणार नाही. विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स सुचवण्याचा मोह मी आवरतो, तुमचा पेजमेकर आणि फॉन्ट तिथे नीट नांदणार नाहीत. साधा उपाय: या लॅपटॉपवर फक्त डीटीपी. बँक, यूपीआय, मेल हे सगळं मोबाइलवर. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावण्याआधी अँटिव्हायरसनं तपासा, ते तर तुम्ही करतच असाल.

बसवून घेताना दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. जुनी डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत स्क्रूनं बसवलेली असते, ती चौकट नव्या डिस्कला लावायची असते. घाईत ती जुन्या डिस्कबरोबरच बाहेर जाते आणि नवी आत खुळखुळत राहते. जुन्या काही डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड असायच्या, एसएसडी सात. ढिली वाटली तर प्लॅस्टिकची पातळ चौकट मिळते. जोडणी चपट्या फितीची असेल तर ती ओढायची नाही, हळू सरकवून काढायची. आणि जुनी डिस्क दुकानात सोडू नका. ‘टाकून देतो ताई’ म्हणतील. तिच्यावर पतसंस्थांच्या सभासदांच्या याद्या आहेत, अजून न झालेल्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. ती परत मागून घ्या, स्क्रूंसकट.

आता १ टीबीतून वाचलेले पैसे. त्यांची एक साधी एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या. कौलांची असली तरी चालेल, इथे ती शोभते. हार्डडिस्क निदान टक्-टक् करून सांगते. एसएसडी जाते तेव्हा बहुतेक वेळा काही न बोलता जाते, रात्री बंद केली, सकाळी नाही. तिच्यावरून चुकून पुसलेली फाइल परत मिळवणंही जवळपास अशक्य असतं, कारण पुसलेली जागा विंडोज तिला लगेच कळवतं आणि ती सवडीनं खरोखरच कोरी करून टाकते. हार्डडिस्कवरून फाइली परत काढणारा जो कोणी तुमच्या ओळखीचा असेल तो इथे हात टेकेल. दर शनिवारी दुकान बंद करताना त्या आठवड्याचं मॅटर एक्स्टर्नलवर कॉपी करा आणि ती डिस्क घरी न्या, लॅपटॉपच्या पिशवीत नको. पेजमेकरच्या फाइली लहान असतात, गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत चालू वर्षाचं काम सहज मावेल. प्रश्नपत्रिका मात्र तिथे ठेवू नका.

हे सगळं कधी करायचं? पितृपक्षात. त्या पंधरवड्यात पत्रिका छापायला कोणी येत नाही, दुकान थंड असतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत नव्या डिस्कची सवय व्हायला सव्वा-दीड महिना हाताशी राहतो. कॉपी मात्र आजच. तिला पितृपक्षाची वाट बघायला लावू नका. नव्या डिस्कवर आल्यानंतर प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाची एकेक फाइल उघडून बघा: फॉन्ट लागतो का, लोगो जागेवर आहे का, छापल्यावर रफार आणि वेलांट्या नीट येतात का. काही राहिलेलं सापडेलच. तोवर जुनी डिस्क पुसू नका.